हवालदाराच्या वहीत माझं नाव

हवालदाराने स्केटबोर्डवर बूट ठेवून खिशातली वही काढली, तेव्हा मी समोरच्या भाजीवालीकडे वांगी निवडत होते.

नव्या सभागृहापुढच्या गुळगुळीत फरशीवर माझी नात एकटीच उभी होती. तिच्या दोघी मैत्रिणी पळाल्या. ही पळाली नाही. पोलीस भरतीची तयारी करते ती. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ धावते, गोळा फेकते. निवड झालीच तर पुढे चारित्र्य पडताळणी असते, आणि ठाण्यात नावावर काही निघालं तर सगळं पाण्यात. हे तिनंच मला दहादा सांगितलेलं. आता तिचे ओठ पांढरे पडले होते.

"नाम बता. पूरा नाम."

"साहेब, पुन्हा नाही येणार."

"यहाँ बोर्ड चलाने की शिकायत आई है. किसी का नाम तो लिखना पडेगा."

मी वांगी टाकून निघाले.

"कायले दटावून राहिले जी पोरीले? अर्ध्या रस्त्यावर लोकायचे धान वाळून राहिले, तिथं कोणी वही नाही काढत."

"आजी, बाजूला व्हा. हिचं नाव सांगा."

"माझं लिवा. फळी माझी हाय."

"तुम्ही चालवता?"

"शिकून राहिली मी."

नातीनं माझं मनगट असं दाबलं की बोटांचे वळ उठले. हवालदार हसला नाही. माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "पतीचं नाव?"

इथं मी अडकले. चाळीस वर्षांपूर्वी मतदार यादीवाले दारात आले, तेव्हाही याच प्रश्नाला अडकले होते. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, याची मला पक्की खात्री. नाव सांगायला शेजारीण हवी, तर ती शेतात धानाच्या रोवण्याला गेलेली. मी त्या बिचाऱ्यांना ती येईपर्यंत ओट्यावर बसवून ठेवलं. एवढी मी हुशार! आणि ज्यांचं आयुष्य वाचवत होते, ते मागच्या अंगणात खाट विणत गालात हसत होते.

आता ते जाऊन सहा वर्षं झाली. कमी व्हायला आयुष्य उरलेलं नाही, तरी जीभ उचलेना. हवालदाराचा पेन थांबलेला. नातीनं मला सोडवायला तोंड उघडलं. ती बोलली असती तर पेन तिच्याकडे वळला असता.

मी नाव घेतलं. मोठ्यानं. पलीकडे भाजीवालीची तागडी थांबली.

"ही कोण तुमची?"

"फळी माझी म्हटलं ना जी!"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वही मिटली आणि बोर्ड काखेत मारला. "थाने से ले जाना."

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. टेबलामागचा तरुण शिपाई बसल्याबसल्या पायानं बोर्ड पुढंमागं करत होता. मला पाहून त्यानं पाय काढून घेतला. मी सही केली आणि बोर्ड पदराखाली झाकून घरी आणला.

नातीनं तो कपाटावर ठेवून दिला. भरती होईपर्यंत हात लावणार नाही म्हणाली.

"अन् पोलीस झाल्यावर? तू पन पोरायच्या फळ्या उचलशील का?"

ती बुटाची नाडी बांधत होती. तिनं गाठ आवळली. धावायला निघून गेली.