डास हाकलणारा हात

"मारायचा नाही, पण हाकलायचा तरी!" असं म्हणत साहेब मिटल्या डोळ्यांनीच मनगटावरून हात फिरवायचे. आमच्या येरवड्याच्या विहारात रविवारी सकाळी ध्यानाला बसलं की नदीकडचे डास हमखास हजेरी लावत. नवा माणूस डास चावला तरी ताठ बसून राही, हलला तर जणू नापास होणार. साहेबांना ते मुळीच चालत नसे.

साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आमच्याच वसाहतीतले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि गुडघे दुखतात म्हणून बसायला प्लास्टिकची खुर्ची. ध्यान संपलं की ते प्रत्येकाला एकच विचारत, "काय होतं?" कुणी म्हणालं, "राग होता साहेब, कारण आमचा मॅनेजर..." की हात वर. "का ते नको. काय ते सांगा. कारणं द्यायला लागलात की राग मुक्कामाला राहतो."

माझ्याकडे एकदा आख्खी तक्रार तयार होती.

"काय होतं, ताई?"

"जाऊबाई."

"अहो, जाऊबाई त्यांच्या घरी आहेत. इथे काय होतं?"

मी चिडून म्हणाले, "हेवा!" आणि मलाच हसू आलं. इतकी वर्षं बँकेत लोकांच्या चुका काढत होते, पण हा शब्द कधी तोंडातून निघाला नव्हता.

वसाहतीतला एक मुलगा खराडीच्या कंपनीत होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हाही घरी बसला. मग रोज विहारात येऊ लागला. तासन्‌तास बसायचा, पापणीसुद्धा हलायची नाही. "याची साधना बघा," आम्ही एकमेकांना म्हणायचो. साहेब मात्र त्याच्याकडे निरखून बघत.

एका रविवारी त्यांनी त्याला विचारलं, "काय होतं?"

"काहीच नाही सर. टोटल ब्लँक."

आम्ही कौतुकानं माना डोलावल्या. साहेब खुर्चीवरून उठले आणि त्याचा हात धरून आम्हाला दाखवला. हात डासांनी फोडून काढला होता. "याला पत्ताच नाही. ही शांती नव्हे, हा पोरगा आतून निघून गेलाय. आजपासून तुझं बसणं बंद. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं, मनाच्या."

"सर, मी काय वेडा आहे का?"

"येरवड्यात राहून हे मला विचारतोस? चल गुपचूप."

गोळ्या सुरू झाल्या. बऱ्याच महिन्यांनी साहेब मला रस्त्यात भेटले, ते पेढे वाटायच्या चेहऱ्यानं. "ताई, परवा तो आईवर ओरडला म्हणे! नंतर रडलासुद्धा!"

पुढे वहिनी गेल्या. साहेबांच्या पत्नी. साहेब पुढच्या रविवारी नेहमीसारखे आले, खुर्चीवर बसले, सगळ्यांना "काय होतं?" विचारलं. "बघा, डोळ्यात पाणी नाही," लोक म्हणाले. "याला म्हणतात साधना." माझं लक्ष त्यांच्या मनगटाकडे होतं. डास रक्त पिऊन टम्म फुगला होता, आणि हात हलत नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मला भीती वाटली.

सगळे गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "साहेब, काय होतं?"

"काहीच नाही, ताई."

मग ते स्वतःच मनगटावरच्या लाल फोडाकडे बघत राहिले. "त्या पोरानंही हेच सांगितलं होतं ना?"

"हो."

"मला वाटलं, मी सावरलोय."

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा त्यांना मोटारसायकलवर बसवून त्याच डॉक्टरकडे घेऊन गेला. औषध लिहून मिळालं. पण त्याच आठवड्यात नागपूरहून साहेबांची मुलगी त्यांना न्यायला आली. "बाबांना कशाला या गोळ्या? किती शांत आहेत ते," ती म्हणाली. मी सांगून बघितलं, डासाचंही सांगितलं. तिला ते विचित्र वाटलं असणार. साहेब मध्ये बसून होते. एरवी कुणाला बोलू देत नसत, त्या दिवशी मान खाली घालून आमचं दोघींचं ऐकत राहिले.

गोळ्या सुरू न करताच ती त्यांना घेऊन गेली. मी नागपूरला फोन करायचे. "काय आहे, साहेब?" पलीकडून तेच, "काहीच नाही, ताई. तुम्ही बऱ्या आहात ना?"

एका सकाळी मुलीचा फोन आला. साहेब झोपेतच गेले होते. मी विचारलं, "मध्ये कधी रडले का गं ते? चिडले, ओरडले?"

"नाही हो मावशी," ती हुंदके देत म्हणाली, "शेवटपर्यंत एकदम शांत. इथे सगळे कौतुक करायचे."

हल्ली रविवारी तो मुलगा आम्हाला बसवतो. त्याला पुन्हा नोकरी लागली आहे. साहेबांची खुर्ची भिंतीशी तशीच ठेवलेली असते, तिच्यावर कुणी बसत नाही. साहेब गेल्याचं कळलं, त्या रविवारी ध्यान संपल्यावर त्यानं मला विचारलं, "काय होतं, ताई?"

"राग," मी म्हणाले.

का, ते त्यानं विचारलं नाही.