आबांची काठी गोदामात आहे

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागून घेतो. लिहिण्याचा मला अधिकार आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. आबांना सही येते, मायला तीही येत नाही. मी जालन्याला बी.ए. करतो आहे आणि परीक्षेच्या उत्तरांपलीकडे काही सलग लिहिल्याचं मला आठवत नाही. त्यात जे सांगायचं ते एका काठीबद्दल आहे. काठीसाठी एवढं काय, असं कुणी विचारलं तर माझ्याजवळ चांगलं उत्तर नाही. पण गेले काही महिने आमच्या घरात त्या काठीशिवाय दुसरा विषय नव्हता. ते कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय माझं अभ्यासात लक्ष लागेल असं दिसत नाही.

आमचं गाव जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या बाजूला. आबा, म्हणजे माझे वडील, जन्मभर मेंढ्यांमागे हिंडले. चरायला रान उरलं नाही आणि त्यांचा गुडघाही धरायला लागला, म्हणून शेवटी कळप विकला. हाताला काम पाहिजे म्हणून ते काठ्या करत राहिले. भरीव बांबू आणायचा, विस्तवावर शेकायचा, भिंतीतल्या भोकात घालून वाक काढायचा, मग करडईचं तेल पाजून सावलीत ठेवायचा. आबांची काठी सरळ असते आणि हातात घेतली की ती कुठं धरायची हे आपोआप कळतं. लाठी फिरवायला मला त्यांनीच शिकवलं. लांडग्यासमोर उभं राहायचं शिक्षण होतं ते, पण कॉलेजच्या युवक महोत्सवात मी तेच करून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रानं त्याचा व्हिडिओ टाकला. तो बघून न्यूझीलंडमधून एका सरांचा फोन आला. हे सर मूळचे भोकरदनकडचे. तिकडे नोकरी करतात आणि रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना लाठी शिकवतात. मुलं प्लास्टिकच्या पाइपांवर शिकत होती.

"पाइपाला जीव नसतो रे," सर म्हणाले. "तुझ्या वडिलांच्या काठ्या पाठव. अन् एक जुनी पाठव, चांगली वापरलेली. खरी काठी हाताला कशी लागते ते पोरांना कळू दे."

जुनी काठी आमच्या घरात एकच होती. आबांची स्वतःची.

आमच्या घराण्यात मेंढक्याची काठी त्याच्याबरोबर सरणावर जाते. आजोबांची गेली, त्यांच्या वडिलांची गेली. काठीला एकदाच आग दाखवायची, असं आबा म्हणतात. बांबू असताना शेकतात ती आग वेगळी, ती जन्मल्यावरच्या न्हाणीची. म्हणून मी सरांचं बोलणं आबांना सांगितलंच नसतं. पण फोन स्पीकरवर होता.

"देऊन टाक," आबा म्हणाले.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "अन् तुमी काय धरून चालणार? माझा पदर?"

"दुसरी करीन की. ती गावापुरतीच राह्यली, कळप गेल्यापून. तिकडं पोरं फिरवतील तरी. मी जायच्या टायमाला वापस मागवू."

"हां, ईमानात बसून येईल ती तुमच्या मौतीला," माय म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. ते हसणं मला नंतर फार आठवलं.

नवीन काठ्या करायला आबांना वेळ लागला. त्यांचा उजवा हात आता थरथरतो. शेवटी शेवटी शेकताना मी बांबू धरत होतो आणि ते नुसतं "बस, बस, फिरव" म्हणत होते. मी ओळखलं होतं की एवढ्या काठ्या ते पुन्हा करणार नाहीत.

परदेशी लाकूड किंवा बांबू पाठवायचा तर कीड मारायची धुरी देऊन तसा दाखला घ्यावा लागतो. हे मला जालन्यातल्या मस्तगडच्या शेठजींनी सांगितलं. शेठजींचं घराणं राजस्थानातून कधीकाळी आलेलं. त्यांच्या दुकानातून परदेशी पार्सलं जातात, बहुतेक पापड, लोणची आणि लग्नाच्या साड्या. काठ्यांचं ऐकून त्यांनी चष्मा वर केला.

"लाठी? न्यूझीलंडला? बेटा, तिकडं क्रिकेटची बॅट जाते."

मी सगळ्या काठ्या, आबांची धरून, संभाजीनगरला नेऊन धुरी देऊन आणल्या. शेठजींच्या सांगण्यावरून पाइपलाइनचा जाड पाइप कापून त्यात काठ्या भरायच्या ठरल्या, दोन्ही तोंडांना बूच. ते बघून आमचा शेजारी म्हणाला, "बोअर पाठवून राह्यला का रे परदेशात? तिकडं बी पाणी आटलं का?"

पार्सल द्यायच्या आदल्या संध्याकाळी आबांनी आपली काठी मांडीवर घेतली. तिच्या वरच्या टोकाला लोखंडी शेंबी होती, म्हणजे टोपी. ती त्यांनी ठोकून ठोकून सैल केली. खाली बोटभर खोल पोकळी कोरलेली होती. कळप घेऊन लांब निघताना दर वर्षी ते त्या पोकळीत बिरोबाचा भंडारा भरायचे आणि घरातल्या कणगीतली ज्वारी टाकायचे. देव आणि घर दोन्ही बरोबर असावं म्हणून. लहानपणापासून मी हे बघत आलो आहे. त्या संध्याकाळीही मी समोर बसलो होतो. भंडाऱ्याची पिशवी मीच देवळीतून काढून दिली. आबांनी शेंबी पुन्हा ठोकून बसवली, काठीवरून हात फिरवला आणि ती माझ्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी विचारलं, "आत काय काय आहे? बराबर सांग, सगळं लिहावं लागतं."

"बांबूच्या काठ्या," मी म्हणालो. "अन् मुठीला बांधायच्या सुती पट्ट्या."

"बस?"

"बस."

मी खोटं बोललो नव्हतो. भंडारा ही पार्सलमधली वस्तू आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही. घरातून निघताना मायनं पाठीवरून हात फिरवला तर तो हात आपण सामानात मोजत नाही. तसंच होतं ते माझ्यासाठी.

पार्सल मुंबईहून गेलं, समुद्र ओलांडला, तिकडे उतरलं. मी फोनवर रोज बघायचो आणि आबांना सांगायचो. मग एक दिवस ते पुढं सरकेना. नंतर सरांचा फोन आला. नेहमी गप्पा मारणारे सर त्या दिवशी नीट बोलत नव्हते.

"अरे, जुन्या काठीत काय भरलं होतं? मशीनमध्ये आत काहीतरी दिसलं म्हणून इथल्या तपासणीवाल्यांनी उघडली. पिवळी पावडर निघाली, न सांगितलेली. अन् धान्य निघालं. धान्यात जिवंत किडे होते."

कणगीतल्या ज्वारीत सोंडे असतात. आम्ही ते पाखडून टाकतो आणि ज्वारी खातो. धुरी दिली होती, पण ज्वारी त्यानंतर भरली होती.

मी एसटी पकडून तसाच मस्तगडला गेलो. शेठजींनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"काठीत पावडर! बेटा, मला आत घालतो का? विचारलं होतं ना मी, बराबर सांग म्हणून?"

"शेठजी, भंडारा आहे तो. देवाचा."

"मला माहीत आहे रे भंडारा काय असतो. त्यांना माहीत आहे का?" त्यांनी पावती पुस्तक बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "आमच्याकडं बी माणूस बाहेरगावी निघाला की गूळ देतात. पण तोंडात देतात बाबा. वर लोखंड ठोकून बंद करत न्हाईत."

त्यांनी चहा मागवला.

पावडर हळदीचीच आहे हे तिकडच्या तपासणीत लवकर कळलं. पण किड्यांचं काय? तिथल्या कीड तपासणाऱ्या खात्याचं म्हणणं सरांनी मला समजावून सांगितलं. नवीन काठ्या पुन्हा तापवून सोडता येतील. जुनी सोडता येईल असं दिसत नाही. मी म्हणालो, मग परत पाठवा. पण किडीचा माल विमानात चढवायला कुरियरवाले तयार नव्हते. शेठजींनी माझ्यासमोर त्यांना फोन केला, आधी गोड बोलले, मग भांडले, मग फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसले. "न्हाई म्हणतेत," एवढंच म्हणाले. परत येत नाही आणि सोडवताही येत नाही, अशा मालाचं ते काय करतात, असं मी सरांना आधीच विचारलं होतं.

"नष्ट करतात," सर म्हणाले होते. शेठजींनी त्याचा अर्थ एका शब्दात सांगितला. "जाळतात."

हे आबांना कसं सांगायचं ते मला सुचेना. मी नुसतं म्हणालो की काठी गोदामात अडकली आहे. पण आबांना गुरांचे डोळे वाचायची सवय आहे, माझे काय अवघड. त्यांनी विचारलं, "जाळणार का?"

मी फोन खिशात घातला.

"म्हंजी माझ्या आधी," ते म्हणाले, आणि भिंतीला धरून आत गेले.

त्या दिवसापासून आबांनी कुठलीच काठी धरली नाही. माळ्यावर एक चांगला बांबू तेल पाजून ठेवलेला होता, तो मी खाली काढून दिला. त्यांनी हात लावला नाही. "ती हाय अजून," म्हणाले. "ती असताना दुसरी कशी धरू?" मी बांबू परत माळ्यावर ठेवला. भिंतीला, खाटेला, बाभळीला धरत आबा चालायचे. बिरोबाच्या देवळाकडं जाताना मधे मोकळी जागा आहे, तिथं धरायला काही नाही. तिथं ते पडले. गुडघा सुजला. मग अंगणाच्या पुढं जाणं बंद झालं. माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू शिकलेला हायस ना? मंग लिही की त्यांना काहीतरी. लिहिलं तर ऐकतेत म्हणतेत ना तिकडं?"

मी इंग्रजीत पत्र लिहिलं. मला इंग्रजी येतं असं गावात सगळे समजतात, पण त्या पत्रानं माझं पाणी जोखलं. भंडाऱ्याला शब्द सापडेना. हळद लिहिली तर मसाला वाटतो, पवित्र पूड लिहिलं तर संशय वाटतो. शेवटी मी सरळ लिहिलं की माझे वडील मेंढपाळ होते, ही त्यांची काठी आहे, आमच्याकडे ती माणसाच्या आधी जळत नाही, चूक माझी आहे कारण विचारल्यावर मी सांगितलं नाही. आतलं सगळं काढून टाका, काठी कापा, उकळा, पण जाळू नका. शेवटची ओळ मी दोनदा खोडली. साहेबांना विनंती करताना असं लिहितात की नाही ते मला माहीत नव्हतं. मग तशीच ठेवली.

सरांनी ते पत्र स्वतः नेऊन दिलं. उत्तर आलं, विचार चालू आहे. फार सभ्य उत्तर होतं. तसली सभ्य उत्तरं पुढं आणखी आली. वर्गात बसल्या बसल्या मी फोन बघायचो. घरी गेलो की आबा काही विचारायचे नाहीत, नुसते माझ्या हातातल्या फोनकडं बघायचे. एकदा ते मायला म्हणाले, "आपणच दिली. आता बोलून काय?" आणि मायनं, जी इतके दिवस त्यांना टोमणे मारत होती, तिनं त्यांच्या गुडघ्यावर शेकायचं फडकं ठेवलं. मला वाटतं तेव्हा मी पहिल्यांदा मनातून हरलो. मला वाटत होतं शिक्षणानं निदान एवढं तरी व्हायला हवं होतं.

काल दुपारी सरांचा आवाजी निरोप आला. मी अंगणात होतो. आधी एकट्यानं ऐकावा असं वाटलं, पण आबा खाटेवर उठून बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि लावला.

"अरे, आबांना नमस्कार सांग. नवीन काठ्या सुटल्या. आज पोरांच्या हातात दिल्या, पोरं खुळी झाली. जुनी न्हाई सुटली. कीड ज्वारीतून बांबूच्या भेगांत शिरली होती, त्यांनी चिरून मला दाखवली. पण तुझं पत्र इथल्या खात्यातल्या बाईंनी वाचलं होतं. त्या म्हणाल्या, इथं आम्ही जाळत नाही. वाफेत घालतो अन् मग खोल पुरतो. मी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. जाळली न्हाई, आबा. परवा पुरली."

निरोप संपला. आबांनी तो परत लावायला सांगितला. शेवट आल्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पुरली म्हंजी मातीत ना?"

"हो आबा. मातीत."

"आमच्यात लई पयले माणसाला पुरायचेच," ते म्हणाले. त्यांनी बराच वेळ डोळे पुसले. मग माळ्याकडं बोट केलं. "तो बांबू काढ खाली. अन् ज्वारी आण, निवडून आण."