गादीवाल्यांच्या मधल्या दारातली हद्द

माझ्या घरासमोर गादीवाल्यांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र आणि भरलेल्या गाद्यांची थप्पी. मधलं दार ओलांडून मागे गेलं की स्वयंपाकघर आणि झोपायची खोली. गादीवाले दिवसभर हातानं दाभण चालवतात आणि तोंडानं नगरपालिका. भुवयांवर सदा कापूस बसलेला असल्यामुळे ते आहेत त्यापेक्षा म्हातारे आणि समजूतदार दिसतात. ‘दिसतात’ हा शब्द काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा.

त्यांची दोन मतं पक्की. पहिलं, आपलं गाव सोन्यासारखं आहे, फक्त चालवणाऱ्यांना ते दिसत नाही. दुसरं, पलीकडच्या शहराला काडीची अक्कल नाही. तिथली माणसं भांडतसुद्धा नाहीत, नुसती तक्रार करतात. आपल्याकडे कसं, भांडण झालं तरी मनापासून होतं. दोन गावांच्या मध्ये नदी नाही, डोंगर नाही. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेलं की गाव बदलतं. पण गादीवाल्यांना तिथल्या माणसाची चालही ओळखू येते म्हणे.

दर महिन्याला नगरपालिकेच्या सभेला ते जातात. मागे बसणाऱ्या लोकांसाठी असलेली बाकडी फार टणक, म्हणून स्वतः भरलेली एक चौकोनी गादी बगलेत मारून नेतात. सभेच्या शेवटी नागरिकांना प्रश्न विचारता येतो, आणि गादीवाल्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच: बागेतली बाकं तळ्याकडे पाठ करून का बसवली आहेत?

ही बाग त्यांच्या घराच्या मागेच आहे. तळं आहे, तळ्यात बदकं आहेत, काठावर ओळीनं सिमेंटची बाकं आहेत, आणि सगळ्या बाकांची तोंडं गल्लीच्या बाजूच्या भिंतीकडे. बदकं बघायची तर मान मुरगळून घ्यावी लागते. मीही संध्याकाळी तिथे बसते आणि ती भिंत मला आता तोंडपाठ झाली आहे. या प्रश्नाला कधी ‘नोंद घेतली’, कधी ‘बघू’ असं उत्तर मिळायचं. गेल्या खेपेला मात्र नगराध्यक्षबाई म्हणाल्या, की पुढच्या सभेत नक्की उत्तर देते. त्या दिवशी गादीवाले घरी आले ते जणू बाकं स्वतःच फिरवून आले होते. भेटेल त्याला सांगत सुटले.

आणि नेमके त्याच आठवड्यात मोजणीवाले आले.

दोन्ही गावांची हद्द नक्की कुठे, हे एकदाचं ठरवायचं होतं. तिवई, दुर्बीण, लांब फीत, सगळं आलं. फक्त हद्दीचा दगड सापडेना. मोजणीसाहेबांनी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. तो हातातली इस्त्री खाली न ठेवता म्हणाला, “रेघ कोरलेला काळा दगड ना? तो गादीवाल्यांच्या मधल्या दारात आहे.”

होता खरा. गादीवाल्यांची आई शेवटी शेवटी गुडघ्यांनी थकली होती. मधल्या दाराचा उंबरा उंच, तिला चढवेना. तेव्हा गादीवाल्यांनी मागच्या झुडपांत बेवारशी पडलेला एक दगड उचलून आणला आणि पायरी केली. आई गेली, पायरी राहिली. तिचा पाय पडायचा तिथे ती अजून थोडी गुळगुळीत आहे.

साहेब दारात उभे राहून बराच वेळ त्या पायरीकडे बघत होते. मग त्यांनी सांगितलं, की नियमानं दगड असेल तिथे हद्द. म्हणजे दुकान आपल्या गावात आणि स्वयंपाकघर पलीकडच्या शहरात.

गादीवाल्यांनी खुलासा केला, की दगड मीच आत आणलाय. साहेबांनी सरळच विचारलं, कुठून? गादीवाले म्हणाले, चिंचेपासून. चिंच बाग करताना तोडली. काकू म्हणाल्या, चिंचेपासून कसला, विहिरीपासून. विहीर तळ्यात गेली. इस्त्रीवाल्याच्या मते दगड दिव्याच्या खांबाशी होता, पण खांब तेव्हापासून दोनदा सरकलाय. साहेब माझ्याकडे वळले. शाळेत शिकवत असताना मी अनेक वर्गांना सहलीला त्या दगडापाशी नेलं होतं. मुलांनी काय डबा आणला होता तेही आठवत होतं, जागा मात्र आठवेना. साहेबांनी कपाळ पुसलं, तुमचं एकमत झालं की कळवा, तोवर हद्द दगडाशीच, असं सांगितलं आणि तिवई गुंडाळली.

एकमत काही झालं नाही. गादीवाले घाबरले ते वेगळ्याच गोष्टीनं. सभेत प्रश्न फक्त गावच्या रहिवाशाला विचारता येतो. ते धावत नगरपालिकेत गेले आणि अर्धं घर इकडे, अर्धं तिकडे असलेला माणूस कुठला, असं त्यांनी विचारलं. खिडकीतल्या कारकुनाने थोडा विचार करून सांगितलं, की माणूस झोपतो कुठे ते बघतात.

दुसऱ्या दिवशी दुकानात यंत्राशेजारी गादीवाल्यांची गादी पसरलेली दिसली. काकू मात्र हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, “लग्न झालं तेव्हा गाव बदललं, मला कुणी विचारलं नव्हतं. आता बसल्या जागी बदललं, तरी कुणी विचारलं नाही. निदान माझी खाट तरी मी हलवणार नाही.”

तेव्हापासून गादीवाले पुढून चहाची हाक मारतात आणि काकू कप पायरीवर ठेवतात. आम्ही परगावची माणसं, दुकानात पाऊल टाकत नाही, म्हणतात. गादीवाले हसतात, पण हसताना एकदा पायरीकडे बघतात.

सभेला या खेपेला मीही गेले. गादीवाल्यांनी बसायची गादी माझ्याकडे सरकवली, स्वतः टणक बाकड्यावर टेकले. त्यांची पाळी आली. त्यांनी तोच प्रश्न विचारला. नगराध्यक्षबाई प्रसन्नपणे उठल्या.

“नव्या मोजणीप्रमाणे तळं शेजारच्या शहरात जातंय,” त्या म्हणाल्या. “बाकं आपल्या पैशानं बसवलेली, ती आपलीच राहतात. मग आपल्या बाकांनी दुसऱ्याच्या तळ्याकडे का बघावं? ज्यांनी ती बसवली, त्यांना दूरदृष्टी होती असंच म्हणावं लागेल.”

टाळ्या पडल्या. गादीवाल्यांनीही सवयीनं दोन वाजवल्या आणि मग हात तसेच राहिले.

येताना कोपऱ्यावर गादीवाले म्हणाले, “बाई, हे उत्तर झालं का?”

मी आयुष्यभर उत्तरं तपासली. वाक्य पूर्ण होतं, प्रश्नाला धरून होतं, कारणही दिलेलं होतं. तरी गुण द्यावेत की काट मारावी, मला ठरवता येईना. मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, आईला उंबरा चढवत नव्हता म्हणून मी दगड आणला, त्यानं तळं कसं गेलं?

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. भाजी परतता परतता विचारलं, की तळं तिकडचं झालं, तर तिकडच्या सभेत त्याबद्दल विचारता येतं का? गादीवाल्यांच्या तोंडून आधी निघून गेलं, की त्या लोकांना काय अक्कल. मग त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाशी बोलतोय.

आज काकू पलीकडच्या सभेला गेल्या आहेत. जन्मात कधी सभा पाहिली नव्हती. चौकोनी गादी बगलेत होती. त्या सांगणार आहेत, की तळं तुमचं असेल तर काठावर तुमची बाकं ठेवा, तळ्याकडे तोंड करून. आमच्या घरातली अर्धी माणसं तुमची आहेत.

गादीवाले दुपारपासून मधल्या दारात त्या दगडावर बसून आहेत, एक पाय दुकानात, एक स्वयंपाकघरात. मी विचारलं, तिकडच्या लोकांनी हो म्हणावं असं वाटतं की नाही म्हणावं?

“हो म्हणाले तर बाकं मिळतील,” ते म्हणाले. “पण मग ती माणसं चांगली निघतील, बाई. त्याचं काय करायचं?”

आणि भुवयांवरचा कापूस न पुसता ते गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिले.