बिनखिडकीच्या केबिनमधला नंदी

परळीच्या स्टेशनावर जावयांनी माझी बॅग स्वतः उचलली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझे जावई महेशराव थर्मलमध्ये (परळीच्या वीजकेंद्रात) इंजिनिअर आहेत, मला मामी म्हणतात, आणि एरवी जेवल्यावर आपलं ताटसुद्धा उचलत नाहीत. मुंबई ते गोवा आणि परत अशी मोठ्या जहाजाची सहल त्यांनी ठरवली होती. "मामी, तुमीबी चला. हवापालट होईल तुमाला," असा आग्रह महिनाभर चालला होता. मोंढ्यात (बाजारपेठेत) आमचं भांड्यांचं दुकान आहे. ते तेवढे दिवस आमच्या ह्यांनी एकट्याने बघायचं ठरलं आणि मी निघाले.

मुंबईच्या धक्क्यावर जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझी नातवंडं, सहा वर्षांची गौरी आणि चार वर्षांचा ओम, क्षणभर गप्प झाली. ही त्या सहलीतली पहिली शांतता. थर्मलची चिमणी आडवी पाडून तिच्यावर घरांच्या रांगा बांधाव्यात, तसं ते दिसत होतं. मग ओमने विचारलं, "ह्याला चाकं कुठंयत?" आणि शांतता संपली.

तपासणीच्या यंत्रातून सामान गेलं आणि नेमकी माझी पिशवी बाजूला काढली गेली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या (दुधात पीठ मळून केलेल्या भाकरी) जहाजावर चालत नाहीत म्हणून ठेवून घेतल्या. काडेपेटी आणि कापूर घेतला, ते समजण्यासारखं होतं. विभूतीची डबी मात्र तिघांनी हुंगून पाहिली.

"ये क्या है, मॅडम?"

"राख," मी म्हटलं. मग चौथा माणूस आला.

विभूती शेवटी माझ्याकडे राहिली. वाचणाऱ्यांतल्या ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात इष्टलिंग असतं, सुपारीएवढं, काळं, चांदीच्या डबीत. लहानपणी दीक्षा देताना स्वामींनी ते माझ्या हातावर ठेवलं. मी फार देवदेव करणारी बाई नाही. पण सकाळी अंघोळ, मग लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा आणि मग चहा, हा क्रम मी कधी मोडलेला नाही. पूजेआधी पाण्याचा घोटही घेत नाही.

वर गेल्यावर हवापालटाचा अर्थ कळला. दोन केबिन घेतल्या होत्या. एकीला गॅलरी होती, तिच्यातून समुद्र दिसत होता, ती महेशराव आणि माझी मुलगी सुवर्णा यांची. समोरची, बिनखिडकीची, माझी आणि पोरांची.

"पोरं तुझ्याशिवाय झोपत न्हाईत ना आई," सुवर्णा म्हणाली.

परळीत त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे, आणि ती रोज माझ्याशिवाय झोपतात. मी तसं म्हटलं. तोवर तिने दार लावून घेतलं होतं.

केबिन म्हणजे आमच्या दुकानामागची पितळी भांड्यांची खोली, फक्त गालिचा घातलेली. दोन पलंग एकमेकांना चिकटलेले आणि तिसरा भिंतीतून खाली येणारा. वरच्या पलंगावर कोण झोपणार यावरून पोरांची मारामारी झाली. गौरी जिंकली, वर चढली आणि "मला भ्याव वाटतं" म्हणून खाली आली. मग तिघंही खालीच. खिडकी नसल्यामुळे दिवस आहे की रात्र ते कळायचं नाही. टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या पुढचा समुद्र दिसत राहायचा, तेवढीच आमची खिडकी. न्हाणीघर इतकं अरुंद की वाकून पाय धुवायला गेलं की पाठीने नळ सुरू व्हायचा. संडासातलं पाणी ओढताना असा फुत्कार निघायचा की ओम आत जाताना माझा हात धरून ठेवायचा, आणि काम उरकेपर्यंत सोडायचा नाही.

जहाज सुटलं तेव्हा सगळे प्रवासी वरच्या डेकवर (मजल्यावर) मुंबईचे दिवे बघायला गेले. मी पोरांचे स्वेटर सुवर्णाकडून आणायला म्हणून समोर गेले. परत आले तेव्हा दारातच पाय ओले झाले. गौरी आतून ओरडत होती, "आज्जी, पाणी आलंय! पाणी आलंय!"

परळीत नळाला पाणी आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरतात. पोरं जन्मल्यापासून हेच बघतात. इथे नळ सोडला आणि धो धो पाणी आलं, तेव्हा दोघांनी आपलं कर्तव्य केलं. पेले, बर्फाचं भांडं, कचऱ्याचा डबा, साबणाची तबकडी, काही म्हणता काही रिकामं ठेवलं नव्हतं. बेसिनचं भोक बंद करून तेही भरलं, आणि ते वाहायला लागल्यावर सगळ्या टॉवेलांचा बांध घातला होता.

"बंद कर आधी तो नळ!"

"आज्जी, परत जाईल ना पाणी! अजून तुझे बूट राहिलेत."

खोल्या साफ करणारा पोरगेलासा कर्मचारी धावत आला. तो दार्जिलिंगकडचा, नाव त्याने पेम्बा सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं, पण ओला गालिचा कळत होता. गौरीने त्याला पाण्याचं वेळापत्रक समजावून सांगितलं. तो हसला, पुसून घेतलं, ओले टॉवेल घेऊन गेला. पोरं आवडली असावीत त्याला. कारण जेवून परत आलो तर कोरड्या टॉवेलांना घड्या आणि गाठी मारून त्याने पलंगावर एक प्राणी बसवून ठेवला होता. चार पाय दुमडलेले, मान वर, डोक्यावर दोन टोकं. माझ्या मते तो ससा होता.

"नंदी!" गौरी म्हणाली.

ओमने लगेच हात जोडले.

त्या रात्री ओम माझ्या गळ्यातला शिवदारा (लिंगाच्या डबीचा दोरा) मुठीत धरून झोपला. कुशीवर वळताना त्याने तो असा ओढला की तुटला. मी डबी रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवली. एकाची लाथ पोटात आणि दुसरीचं कोपर बरगडीत घेऊन जेवढी झोप लागते तेवढी लागली.

सकाळी पोरांना टीव्हीपुढे बसवून मी अंघोळीला गेले. बाहेर आले, उशी उचलली. रुमाल नव्हता. पलंग झाडून लख्ख केलेला होता, आणि नंदीही नव्हता.

"गौरी, उशीखालचा रुमाल कुठंय?"

"नंदीपाशी."

"आणि नंदी कुठंय?"

"टावेलवाला दादा घेऊन गेला. म्याच दार उघडलं." तिला त्याचा अभिमान होता.

"कावून ठेवलास गं नंदीपाशी? कुणी सांगितलं होतं?"

"त्याच्यापुढं देव न्हवता ना. देवळात असतो की." ती मलाच समजावत होती. "पोटात खुपसून ठेवला, कुणी न्यायला नको म्हणून."

मी दोघांना दोन हातांना धरून समोरचं दार वाजवलं. गॅलरीत बसून नवराबायको कॉफी पीत होते. मी सांगितलं. सुवर्णाचा चेहरा उतरला. ती आमच्याच घरात वाढलेली, तिला वेगळं सांगायची गरज नव्हती. महेशराव कॉफीचा घोट घेऊन म्हणाले, "मामी, एवढं मनाला लावून घेऊ नका. घरी गेल्यावर दुसरं घेऊ."

"दुसरं घ्यायला ती काय कढई हाय का, महेशराव?"

सुवर्णा हळूच म्हणाली, "आई, पण काहीतरी खाऊन घे ना. इथं कोण बघतंय?"

"मी बघतीय," म्हटलं.

खाली काउंटरवर एक नीटनेटकी मुलगी होती. तिने हरवलेल्या वस्तूचं वर्णन विचारलं.

"काला है. सुपारी जितना. चांदी की डिब्बी में, सफेद रुमाल में."

"काला... स्टोन? डायमंड है, मॅडम?"

"भगवान है."

तिने पेन खाली ठेवलं आणि आत कुणालातरी फोन केला. टॉवेल सगळ्यात खालच्या मजल्यावर धुलाईला जातात. तिथे प्रवाशांना परवानगी नाही. शेकडो खोल्यांचे टॉवेल एकत्र झालेले, काही यंत्रात गेलेसुद्धा. "हम देखेंगे, मॅडम." पेम्बाची पाळी संपली होती, तो झोपला होता. उठवा म्हटलं तर तिने हसून मान हलवली, ती होय होती की नाही ते कळलं नाही. गरम पाण्याच्या यंत्रात डबीचं झाकण उघडून काय होईल, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं आणि सारखा तोच करत राहिले.

दुपारच्या सुमारास गोवा आला. बाकीचे प्रवासी उतरायला लागले. सुवर्णा राहते म्हणाली, पण मीच तिला जा म्हटलं, माझ्यासमोर सुतकी तोंड करून बसण्यापेक्षा बरं. तर ती लगेच म्हणाली, "मग पोरं तुझ्यापाशीच राहू दे, उन्हात कुठं फिरवू?" अशी ही माझी लेक.

कठड्यावरून मला जेवढा गोवा दिसला तेवढ्यात एक धक्का, दोन क्रेन आणि कोळशाचे ढीग होते. कोळसा बघायला परळी सोडायची गरज नव्हती.

पोरांना जेवायला घालायचं होतं. जहाजावरचं जेवण म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं, पण उभ्याने वाढून घ्यायचं. छोले, पनीर, पुऱ्या, जिलेबी. ओमने इडली घेतली, तिच्यावर जिलेबी ठेवली आणि दोन्ही नको म्हणाला. त्याची थाळी माझ्या एका हातात, गौरीची दुसऱ्या. नाकात पुऱ्यांचा वास.

"आज्जी, तू बी खा ना."

"न्हाई."

"कावून?"

"तुझ्यामुळं," म्हणणार होते. तिने पुरीचा तुकडा माझ्या तोंडापुढे धरला होता. मी मान फिरवली. तो तुकडा मग तिनेही खाल्ला नाही.

केबिनमध्ये परत येऊन मी पलंगाखालचं सगळं तिसऱ्यांदा काढलं. मग कुणीतरी दार वाजवलं. पांढऱ्या कपड्यातली एक नर्स आणि तिच्यामागे एक अधिकारी.

"मॅडम, आपके कमरे में किसी को चोट लगी है?"

"नहीं."

"सच बताइए. बच्चों को? टॉवेल पर खून मिला है. आपके कमरे का है." धुलाईवाल्यांना एका टॉवेलवर लाल डाग दिसले होते, आणि तो कुठल्या खोलीतला ते त्यांनी पेम्बाला उठवून विचारलं होतं. रक्ताचे टॉवेल बाकीच्यांत घालत नाहीत, वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवतात आणि दवाखान्याला कळवतात.

माझ्या काही लक्षात येईना. मी ओमचे गुडघे तपासायला लागले. तेवढ्यात गौरी पलंगामागे सरकली.

"गौरी. नंदीला काय लावलं होतंस?"

"कुंकू." मग अगदी बारीक आवाजात, "तुझ्या डबीतलं. जरा सांडलं."

मी त्या नर्सचा हात धरला. "खून नहीं, कुंकू है! वो टॉवेल कहाँ है? धोया क्या?"

नव्हता धुतला. त्या अधिकाऱ्याला पिशवी उघडायची नव्हती, नियम होता. मी म्हटलं, नियम मला ठाऊक नाही, पण मी इथून हलणार नाही, आणि ही दोन पोरंही हलणार नाहीत. ओमने नेमकं तेव्हा भोकाड पसरलं. पूर्ण सहलीत त्याचं रडणं एवढ्या एकाच वेळेला उपयोगी पडलं. नर्सने हातमोजे चढवले आणि जिन्यापाशी पिवळी पिशवी मागवली.

नंदीची मान मोडली होती, पण पोटाची गाठ तशीच होती. कपाळभर कुंकू. नर्सने गाठ सोडली. आतून माझा रुमाल निघाला, रुमालातून डबी, आणि डबीत लिंग. पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.

मी तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसले.

परत अंघोळ केली. दोन पलंगांच्या फटीशी बसून पूजा केली. कापूर नाही, बेल नाही, विभूती होती. "झालं का?" ओमने तीनदा विचारलं. गौरीने एकदाही नाही. पूजा आटोपून वर गेले तर पंगत बंद, रात्रीपर्यंत काही नाही. एका कोपऱ्यात बटाट्याचे तळलेले तुकडे आणि यंत्रातला गोड चहा मिळत होता. मी दोन वेळा घेतला. इतका वाईट चहा इतक्या आवडीने मी पुन्हा पिणार नाही.

परतीच्या रात्री पोरं गॅलरीच्या केबिनमध्ये झोपली. मी कुणाला विचारलं नाही, त्यांची पांघरुणं नेऊन तिथे टाकली आणि परत येऊन माझं दार लावून घेतलं.

परळीत उतरलो तेव्हा स्टेशनावर हे उभे होते. "काय, समुद्र कसा हाय?"

"टीव्हीवर बरा दिसतो," म्हटलं.

शेजारणी विचारतात, जावं का जहाजाने. जावं. पण लहान पोरांना घेऊन जाणार असाल तर आधी केबिनला खिडकी आहे का आणि आत कोण कोण झोपणार, हे तिकीट काढायच्या आधी तोंडाने वदवून घ्यावं. मी न विचारता गेले, म्हणून गोवा पाहिला नाही. पोरं घरी असतात तशीच जहाजावर असतात, फक्त तिथे त्यांना अंगणात हाकलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजेला बसले तर गौरी दारात उभी. सुवर्णा तिला शाळेसाठी हाका मारत होती. ती हलेना. पूजा संपेपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली आणि मग म्हणाली, "आज्जी, मला बी न्हाई देव. नंदीसारखं."

तिची दीक्षा राहिली आहे. पोरगी मोठी झाल्यावर बघू, असं तिच्या आईबापाचं चाललंय.

"मिळंल," मी म्हटलं. "स्वामींना बोलावू. पण एकदा घेतलं की रोज पूजा करायची. आणि पूजेच्या आधी दूध न्हाई, बिस्कीट न्हाई, काही न्हाई."

"भूक लागली तरी?"

"लागली तरी."

ती माझ्या तळहाताकडे बघत होती. जहाजावर मी दुपारभर उपाशी फिरताना तिने पाहिलं होतं, त्याचाच हिशेब करत असावी.

"मग पुढल्या वर्षी," ती म्हणाली, आणि दूध प्यायला गेली.