गुळाच्या पारड्यात चीज

माझं वजन कमी व्हावं म्हणून आमच्या आईनं चहा सोडला.

वाक्य बरोबर लिहिलंय. पोट माझं, गुडघे माझे, डॉक्टरांची बोलणी खाल्ली ती मी. आणि चहा सोडला आईनं! "तू काही सोडणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे," ती म्हणाली. "तेव्हा घरातल्या कुणीतरी सोडायला हवं." लगेच देवापुढे हात जोडून तिनं नवस बोलून टाकला. लेकाचं वजन दहा किलो उतरलं की सोसायटीच्या गणपतीपुढे त्याची गूळतुला करीन. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात माझ्या वजनाचा गूळ, आणि मग तो गूळ प्रसाद म्हणून घरोघरी. तोवर चहाला शिवायचं नाही.

(वजन उतरल्याच्या आनंदात गूळ वाटायचा, यातली गंमत आमच्या घरात फक्त मला दिसली. मी ती बोलून दाखवली नाही. तेव्हा सगळे माझ्याकडे जरा रोखूनच बघत होते.)

आमच्या आईला चहा लागायचा तो उठल्यावर एक, अंघोळीनंतर एक, आणि पेपर वाचून झाल्यावर त्यातल्या बातम्या पचाव्यात म्हणून एक. दुपारचे मी धरत नाही. असं माणूस एकाएकी बिनचहाचं झालं की काय होतं, ते बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीनं पाहिलं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईला आई शुद्धलेखन शिकवू लागली. दूधवाला पिशवी दाराशी ठेवून, बेल न वाजवता, चपला हातात घेऊन जिना उतरू लागला. सोसायटीचे सेक्रेटरी लिमये पाण्याच्या टाकीबद्दल सांगायला आले.

"काकू, बसू का?"

"बसा. उभं राहून तरी काय दिवे लावणार आहात?"

लिमये टाकीबद्दल न सांगताच गेले. दोन दिवस पाणी का नाही, हे आम्हाला कळलंच नाही.

मग माझी बायको, सुलभा, हिनं सूत्रं हातात घेतली. "अहो, आईंच्या चहासाठी तरी मनावर घ्या!" डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे भात बंद, साखर बंद, तूप बंद, बटाटा बंद, तळण तर स्वप्नातसुद्धा बंद. ताटात अर्धी भाकरी, दुधीची भाजी आणि ताकाची नुसती आठवण असलेलं पाणी.

पण या सगळ्यात चीजचं नाव कुणीच घेतलं नव्हतं! डॉक्टरांनी नाही, सुलभानं नाही, आईनं तर नाहीच. त्यांचा दोष नव्हता. एखाद्या गोष्टीवर बंदी घालायची तर आधी ती अन्न आहे हे मान्य करावं लागतं. आमच्या घरात चीज म्हणजे पाहुण्यांच्या मुलांसाठी फ्रिजच्या दारात ठेवायची वस्तू. वरणात ते नाही, भाजीत नाही, नैवेद्यात नाही. मग बंद तरी कुठून करणार?

माझीही त्याच्याशी ओळख नव्हती. ती करून दिली संपतरावांनी. हे वाघोलीच्या पुढचे शेतकरी, माझे जुने स्नेही. अर्ध्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, उरलेल्या अर्धीत संपतरावांनी गाई पाळल्या आणि चीज करायला घेतलं. त्यांच्या थंडगार खोलीत, फळ्यांवर, जात्याच्या तळीएवढाले पिवळे गोल ओळीनं मुरत पडलेले असतात. त्यातल्या एकाचा काप काढून त्यांनी सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरला.

"चाखा साहेब. सा म्हैने पिकवलंय."

"संपतराव, माझं डाएट चालू आहे."

"मंग? ह्यात भात हाय का?"

"नाही."

"साखर हाय?"

"नाही."

"तळलंय?"

"नाही हो."

"मंग खावा की! नुसतं दूध हाय."

इतका निर्दोष युक्तिवाद मी वकिलाच्या तोंडूनही ऐकला नव्हता. मी खाल्लं.

आता काय सांगू! आधी जरासं खारट, मग आंबूस, मग मध्येच कुठूनतरी भाजलेल्या शेंगदाण्याची चव आणि शेवटी गिळल्यावर आपण लोणी खाल्लं की काय अशी गोड शंका. त्या दिवसापासून मला दुधी आवडू लागला! तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा उचलायचा, आत चीजचा काप सरकवायचा, पापुद्रा झाकायचा आणि साळसूदपणे लसणीची चटणी मागायची. तोवर आत सगळं वितळून भाकरीच्या कडेनं बाहेर डोकावू लागे. दुधीच्या भाजीवर किसून घातलं, तर त्या बिचाऱ्या भाजीला जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मान दिल्यासारखं वाटलं. सुलभा कौतुकानं म्हणायची, "बघा, मन केलं की जमतं! अर्ध्या भाकरीवर किती तृप्त दिसता!"

चीज आणायला दर शुक्रवारी मी "लांब फिरून येतो" असं सांगून बाहेर पडायचो. परत येईपर्यंत दोन-तीन तास सहज जायचे. घामही आलेला असायचा. (नगर रस्त्याच्या वाहतुकीत गाडीत बसूनसुद्धा येतो.)

राहता राहिला वजनकाटा. तो आमच्याकडे बेसिनला लागून ठेवलेला. दर रविवारी सकाळी मी त्यावर उभा राहायचो आणि बाहेर आई दाराला कान लावून उभी असायची. पहिल्या रविवारी तोल जाऊ नये म्हणून मी बेसिनवर सहज हात टेकला, तर काटा दोन किलोंनी खाली आला! मी खोटं बोललो नाही. आकडा काटा दाखवत होता, मी फक्त वाचून दाखवत होतो. पुढच्या रविवारी बाहेरून आईचा कोरड्या घशाचा आवाज आला, "उतरलं का रे काही?" मला दया आली की हात आपोआप जास्त टेकला जातो. अशी दर रविवारी दया येत येत मी अठ्ठ्याऐंशीवरून अठ्ठ्याहत्तरवर येऊन पोचलो.

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, कारण मला आता तराजू दिसू लागला होता.

"आई, अजून एखादा किलो उतरू दे, मग करू गूळतुला."

"एक कपभरही थांबणार नाही मी आता!" आई कडाडली.

मार्केट यार्डातून गुळाच्या ढेपा आल्या, बरोब्बर अठ्ठ्याहत्तर किलो. तिथूनच भलामोठा तराजूही आला आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गणपतीच्या देवळापुढे, लोखंडी चौकटीला टांगला गेला. लिमयांनी ध्वनिक्षेपकावर "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" सुरू केलं. यशाचे शिल्पकार म्हणून संपतरावांना मी बोलावलं नव्हतं. त्यांना सुलभानं बोलावलं, माझे स्नेही म्हणून. आदल्या दिवशी मी कडकडीत उपास केला. (साबुदाण्याचा नव्हे, खरा.) त्यानं दहा किलो उतरतात का, याची कुठेच नोंद नाही.

गुरुजींनी संकल्प सोडला. "तुला म्हणजे," ते म्हणाले, "माणसानं एका अर्थी स्वतःलाच लोकांत वाटून टाकणं. गुळाचं पारडं जमिनीला टेकलं की नवस फिटला." आईच्या हातात कप होता. सुलभानं त्यात आल्याचा चहा ओतून ठेवला होता. पारडं टेकलं की पहिला घोट! सगळ्या सोसायटीचे डोळे कधी त्या कपाकडे, कधी माझ्याकडे.

मी पारड्यात मांडी घातली आणि चहूकडे पाहिलं. जवळपास कुठेही बेसिन नव्हतं.

लोकांनी हात सोडले. मी धप्पकन फरशीवर आणि गूळ आकाशात!

लिमये माइकवरच म्हणाले, "तराजू बिघडलाय."

"पारडी बदलून पाहू," गुरुजी म्हणाले.

मला उठवून दुसऱ्या पारड्यात बसवलं. पुन्हा धप्प! फक्त आता मी देवळाच्या अधिक जवळ आपटलो.

"तराजू निर्दोष आहे," लिमयांनी जाहीर केलं. हे माइकवर सांगायची खरंच गरज होती का?

"चहा निवतोय," आई म्हणाली. एवढंच. पण ते ऐकून सोसायटी हलली. बिनचहाची आई पुन्हा पदरात नको, म्हणून जो तो घराकडे धावला. लिमयांनी बटाट्याची पिशवी आणून गुळावर ठेवली. तळमजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी जाडजूड शब्दकोश ठेवला. कुणी खलबत्ता आणला. दुसऱ्या मजल्यावरच्या तरुणानं व्यायामाची डंबेल्स आणली, त्यांचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. मी हळूहळू वर जाऊ लागलो. टाळ्या पडल्या!

"एक लक्षात घ्या," गुरुजी म्हणाले, "पारड्यात पडलेलं परत नेता येत नाही. ते दान झालं."

पारडं ज्या वेगानं रिकामं झालं, तो वेग मी पुण्यात आजवर कुठल्याही कामात पाहिलेला नाही. "तसे बटाट्यांना मोडच आले होते," लिमये पिशवी उचलत म्हणाले. "देवाला कशाला असलं!" मी पुन्हा फरशीवर.

तेवढ्यात गर्दी सारत संपतराव पुढे आले. "आवो, मला आधी सांगायचं न्हाय का! टेम्पोत अख्खा गोल हाय. साहेबांच्या अंगात गेलंय ते आमचंच, तवा फरक आमीच भरनार!"

"तुमचं काय गेलंय यांच्या अंगात?" सुलभानं विचारलं.

"चीज, वैनी! दर शुक्रवारी न्हेत्यात की."

सुलभा माझ्याकडे वळली. मी पारड्यात होतो, पळता येत नव्हतं.

"शुक्रवारी तुम्ही फिरायला जात होतात ना?"

"जातच होतो. वाघोलीपर्यंत."

"गाडीनं?"

"जाताना गाडीनं."

"आणि येताना?"

"गाडी तिथे कशी सोडणार?"

हे सगळं लिमयांच्या हातातल्या माइकमधून शेजारच्या दोन सोसायट्यांनाही व्यवस्थित ऐकू गेलं.

संपतरावांनी तो पिवळा गोल दोन्ही हातांनी उचलून आणला. गुरुजी वाकून वास घ्यायला गेले आणि दोन पावलं मागे आले. "हे... हे नेमकं काय?"

"दूध हाय गुरुजी. घट्ट झाल्यालं."

"गोरस म्हणजे चालेल. मंत्र मात्र मी इथूनच म्हणतो."

गोल गुळावर ठेवला गेला. गुळाचं पारडं सावकाश, मोठ्या दिमाखात जमिनीला टेकलं आणि मी, वजन उतरवण्याच्या मोहिमेत पहिल्यांदाच, वर गेलो! घंटा वाजली, फुलं पडली. आईनं डोळे मिटून पहिला घोट घेतला, मग दुसरा, आणि कप रिकामा झाल्यावरच मला म्हणाली, "थोडाफार लबाड असशील, हे मी धरलं होतं. एवढा असशील असं नव्हतं वाटलं."

"आई, पण तुला माहीत होतं तर थांबली का नाहीस?"

"तुझं वजन उतरायची वाट बघत बसले असते, तर बिनचहाचीच गेले असते मी. सुलभा, अजून आहे का गं थोडा?"

प्रसाद वाटायला रांग लागली. गुळाच्या खड्यावर चीजचा तुकडा. पहिल्यांदा लोकांनी नाकं मुरडली, मग रांग पुन्हा पहिल्यापासून लागली. "गूळ कमी द्या," लिमये दुसऱ्यांदा हात पुढे करत हळूच म्हणाले, "ते पिवळं जरा जास्त."

अशा रीतीनं त्या दुपारी, गुरुजींच्या शब्दांत सांगायचं तर, मी घरोघरी वाटला गेलो. कुणी मला पोळीबरोबर खाल्लं, कुणी डब्यात घालून ठेवलं, लिमयांनी दोनदा नेलं. एवढा सगळा वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, सुलभाच्या देखरेखीखाली, दोन्ही हात डोक्यावर ठेवून मी काट्यावर उभा राहिलो, तर मूळच्या अठ्ठ्याऐंशीवर अर्धा किलो वाढलो होतो.