अवघड शब्दाची फोड

दवाखान्याच्या खिडकीपाशी बाबांचा अर्ज भरताना मी अडखळले. त्यांच्या आजाराच्या नावाचे बोटांवर तुकडे पाडत होते, कार्... डि... ओ... मा... तेवढ्यात शेजारून आई म्हणाली, "कार्डिओमायोपॅथी. हृदयाचा स्नायू कमजोर झालाय."

एका दमात. बँकेला आजही 'ब्यांक' म्हणणारी माझी आई, आणि या शब्दातला 'पॅ' अगदी स्वच्छ! मला चीड आली ती त्या सफाईची.

असा शब्द जिभेवर एका दिवसात बसत नाही. आधी त्याची फोड करावी लागते, मग एकेक तुकडा घोळवावा लागतो. तुकडे जुळता जुळता त्याची भीतीही थोडी झिजत असावी. घरच्या सगळ्यांची झिजली होती. मला मात्र तो आज सकाळी फोनवर अख्खाच्या अख्खा मिळाला. इतके दिवस दर रविवारी मी विचारायचे, तेव्हा बाबांना 'जरा पित्त' असायचं.

"कोणी शिकवला?" मी विचारलं.

"दादानं. तो नसताना डॉक्टरांनी विचारलं तर सांगता यावा म्हणून. तुला उगाच घोर नको, असं हेच म्हणाले."

"कधी?"

आई पदराचं टोक चाळवत राहिली. "दिवाळीत पाठ झाला."

दिवाळीत मी चार दिवस माहेरीच होते. चकल्या पाडताना आई सारखी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय. मध्ये बोलू नये म्हणून मी गप्प बसून तळत होते.