दुसरी वेणी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ही वही थोरलीची मागच्या वर्षीची, शेवटची पानं कोरी राहिली होती. पानाच्या वरच्या ओळी बऱ्या दिसतील, खाली खाली अक्षर घसरत जाईल. तो दोष शाळेचा नाही, हाताचा आहे. हात दमला की मी वही मिटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे लिहिते. कुणाला दाखवायचं नाही. मला तोंडाने सांगता आलं नाही म्हणून सगळं इतकं लांबलं, ते एकदा कुठेतरी नीट सांगून टाकावं, एवढंच.

आम्ही निपाणीकडचे. बेंगळुरात पीण्या म्हणून कारखान्यांचा भाग आहे, तिथे एका खोलीत राहतो. नवरा लेथवर कामाला. मी जवळच्या एका शेडमध्ये पितळी नटांच्या कडा कानशीने घासायला जात होते. थोरली तेव्हा तिसरीत होती, धाकटी दोन वर्षांची.

आधी बिघडली ती वेणी. शाळेचा नियम, मुलींनी दोन वेण्या घालायच्या, लाल रिबिनी लावून वर दुमडायच्या. उजवी वेणी मी घट्ट घालायची. डावी घ्यायला गेले की हात खांद्यातून सुटल्यासारखे खाली यायचे. दुखायचे नाहीत. दुखले असते तर बरं झालं असतं, दुखतंय म्हणून सांगता आलं असतं. नुसते खाली यायचे. थोरली एक घट्ट आणि एक सैल वेणी घेऊन शाळेत जायची. एकदा म्हणाली, "आई, आज डावी आधी घाल. मिस डावीकडून येतात, त्यांना तीच दिसते."

मग संध्याकाळी एक पापणी खाली पडायला लागली. बोलणं नाकातून यायला लागलं. चपातीचा तिसरा-चौथा घास चावताना जबडा थांबायचा, मी हाताने हनुवटी वर धरून चावायची. सकाळी उठले की सगळं ठीक. नवरा आधी चेष्टेनं म्हणायचा, "सकाळी ठणठणीत, आणि मी दारात आलो की आजार. माझं तोंड बघून येतो की काय?" पुढे पुढे तेच बोलायचा, पण हसायचा नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आम्ही दोन-दोन पोरं सांभाळून दिवसभर तंबाखू खुडली. तुला बसल्या जागी नट घासवत नाहीत?"

नट घासवत नव्हतेच. दुपारनंतरचे माझे नट परत यायला लागले आणि काम गेलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त कमी म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्याने चष्मा लावला. तिसऱ्या, मोठ्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. त्यात होते नव्हते तेवढे पैसे गेले आणि फोटो चांगला निघाला. ते म्हणाले, "टेन्शन आहे. घरी काही त्रास आहे का?" नवरा शेजारीच उभा होता. मी मान हलवून नाही म्हटलं. घरी येताना तो चार पावलं पुढेच चालला.

मग सरकारी मोठ्या दवाखान्यात तीनदा गेले. तिथे चूक माझीच झाली. आमच्या आईची शिकवण, दवाखान्यात जायचं तर न्हाऊन, धुतलेली साडी नेसून जायचं, कण्हतकुथत जाऊ नये. मी आदल्या दिवशी लवकर निजायची. धाकटीला शेजारी ठेवायची. सकाळी साडेसहाला चिठ्ठी काढायची आणि नंबर येईपर्यंत बाकावर डोळे मिटून गप्प बसायची. पाच-पाच तास. कुणाशी बोलायची सवय नाही, गिळायची भीती म्हणून खायचीही नाही. आत गेले की डॉक्टर म्हणायचे, हात वर करा. करायची. बोटं दाबा. दाबायची. काही विचारलं की मी "सरी, सरी" म्हणायची, म्हणजे कन्नडमध्ये बरं, बरं. अर्ध्या मिनिटात बाहेर. आणि बसमधून उतरेपर्यंत पापणी पडलेली असायची. दवाखान्याच्या फाटकाबाहेर आजार माझी वाट बघत उभा असतो, असं वाटायचं.

एका संध्याकाळी दोघींना जेवायला वाढून मी पाणी प्याले. ते घशातून उतरेना, नाकातून परत आलं. थोरली हसली, तिला वाटलं मी गंमत केली. माझा श्वास अडकला तशी तिचं हसू थांबलं. तिने पाठीवर बुक्क्या मारल्या, धाकटीनेही मारल्या. श्वास आला. पण त्या दिवसापासून मी थोरलीला गॅस बंद करायला शिकवलं. धाकटीला अंघोळ कशी घालायची ते शिकवलं, पाणी आधी कोपराने बघायचं म्हणून. कशासाठी ते सांगितलं नाही. आठ वर्षांची पोर, सगळं नीट शिकली, त्याचंच मला रडू यायचं. मी मेल्यावर लोक म्हणतील, हिला तर काहीच झालं नव्हतं. मला मरणाइतकीच त्याचीही भीती होती.

शेजारी फुलं विकणारी अक्का. काम गेल्यावर मी तिच्याकडे मोगरा बांधायला बसायची. इथे माळ मोळावर विकतात, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या मापाने. अक्का कन्नड, पण निपाणीकडच्या माणसाला कन्नड येतंच, त्यामुळे तिच्याशी मी अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायची. एक दिवस तिने माझी माळ हातावर मोजता मोजता झटकली. शेवटची फुलं गळून पडली.

"काय गं, हा पहिला मोळ बघ. दगडासारखा. दुसरा बरा. तिसऱ्याला गाठच नाही. रोज असंच. तुझ्या हाताला झालंय काय?"

मी सांगितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा पूर्ण सांगितलं, मधे दोनदा थांबून, कारण बोलताना जीभ जड व्हायची.

अक्का म्हणाली, "अगं वेडे, तो डॉक्टर रोज तुझा पहिला मोळ बघतो. तिसरा कोण दाखवणार त्याला?"

पुढच्या खेपेला ती बरोबर आली. धाकटीलाही घ्यायला लावलं. चिठ्ठी काढून मी बाकाकडे वळले तर तिने दंड धरला.

"बसायचं नाही. लेकराला कडेवर घे. जिना चढ."

"अक्का, लोक बघतात."

"बघू देत. शंभरपर्यंत मोठ्यानं म्हण."

"मला लाजेनं मेल्यासारखं होतंय."

"मर की. पण डॉक्टरसमोर मर, घरी नको."

मी जिना चढले-उतरले. साठाच्या पुढे आकडे नाकातून यायला लागले. धाकटीला वाटलं खेळ आहे, तीही माझ्यामागून म्हणायला लागली. नंबर आला तेव्हा धाकटी कडेवरून घसरत होती, अक्काने तिला झेलली.

आत तरुण डॉक्टरीण बाई होत्या. अक्काने पिशवीतून माझी माळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिन्ही मोळ दाखवले. बाई आधी हसल्या. मग माळ हातात घेऊन बघितली आणि मला म्हणाल्या, "वर छताकडे बघा. पापणी मिटू नका." पंख्याला एक पातं नव्हतं, तेवढं आठवतं. पंखा दिसेनासा झाला. दोन्ही पापण्या पडल्या होत्या. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ घालून पापणीवर धरला. काढला तर डोळा उघडला. बाईंनी शेजारच्या खोलीतल्या दोन डॉक्टरांना बोलावून आणलं.

आजाराचं नाव मायस्थेनिया. बाई म्हणाल्या, मोठा आजार आहे, श्वासावर जाऊ शकतो, औषध कायमचं. मी हसले. तोंडातून नीट हसताही येत नव्हतं तरी हसले. अक्का म्हणाली, "स्वल्प रड तरी. त्यांना वाटेल डोक्याचं आहे." मग रडले.

एक तपासणी बाहेरून करायची होती आणि छातीचा फोटो लवकर हवा होता. आमच्याकडे काही नव्हतं. गल्लीतल्या अकरा बायकांची दरमहा हजाराची चीटी, म्हणजे आपली भिशी, चालते, त्या महिन्याची अक्काची होती. तिने अकरा हजार तसेच माझ्या हातात ठेवले. "कानातल्यासाठी होते. कान कुठं पळून जात नाहीत."

नवऱ्याने संध्याकाळी कागद वाचला. इंग्रजी होतं, त्याला कळण्यासारखं नव्हतं, तरी बराच वेळ धरून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजवी वेणी घातली, तशी त्याने माझ्या हातातून फणी घेतली. डावी त्याने घातली, तारेला पीळ घालतात तशी. थोरली ओरडली, "आई गं!" तो म्हणाला, "घट्ट पाहिजे की नको?" अजूनही डावी तोच घालतो. तिच्या रिबिनीला ऑईलचा वास येतो.

बरी झाले असं नाही. गोळी घेतली की तीन-चार तास माझे असतात, मग परत खाली. मधे एकदा श्वास अडकून आठ दिवस दवाखान्यात होते. तेव्हा धाकटीला थोरलीने अंघोळ घातली, पाणी कोपराने बघून. पण आता घरात कुणी काही विचारत नाही, संध्याकाळी पापणी पडली की नवरा भाताचा कुकर स्वतः लावतो.

गोळीनंतरच्या तासांत मी मोगरा बांधायची. मोळाला पाच रुपये. दिवसाला चार मोळ, कधी दोन, कधी एकही नाही. अक्का ते माझ्या हातात न देता भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने लिहून वजा करायची. असं जवळजवळ दोन वर्षं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पाच मोळ बांधले. अक्काने आपल्या हातावर मोजले. प्रत्येक मोळ ओढून बघितला, तिसऱ्याला जरा जास्तच ओढलं. एक फूल गळलं नाही.

"सरी," ती म्हणाली. "मुगीतु." म्हणजे संपलं.

तिने कॅलेंडरवरचा शेवटचा आकडा खोडला. अकरा हजार पूर्ण फिटले.